अक्काच्या घरचा सप्ताह

सुलतान बाजार, हैदराबाद
६ नोव्हेंबर १९५६

चि. भगवंता,

आशीर्वाद घे. नको असला तरी घे, मोठ्या बहिणीचा आशीर्वाद परत करायची सोय नाही.

तू औरंगाबादला गेलास हे मला कळावं कोणाकडून? तर शेजारच्या मुकुंदरावांकडून. पायरीवर उभे राहून म्हणाले, "बाई, जमीन-बंदोबस्ताच्या दफ्तरातली मराठी माणसं गेली की सगळी. भगवंतरावही गेले." मी म्हटलं, "हौ, परवाच भेटून गेला." खोटं बोलले. तू कुठला भेटतोस? विद्यानगरच्या तुझ्या घरी मग मी स्वतः गेले, तर कुलूप. घरमालकीण तेलुगूत काहीतरी म्हणाली, त्यातलं 'वेळ्ळिपोयिनारु' एवढं कळलं. गेले म्हणे. ते कुलुपावरून मलाही दिसत होतं.

एक तारखेला आपलं राज्य मोडलं. सरकारनं फायली वाटल्या, कपाटं वाटली, माणसं वाटली. हा मुंबईकडं, हा आंध्राकडं. तुझे दाजी रेल्वेत, म्हणून आम्ही सिकंदराबादच्या नोकरीला बांधलेले, इथंच राहणार. तुला मात्र विचारून घेतलं होतं म्हणतात. तू स्वतः लिहून दिलंस, मला मराठवाड्यात धाडा म्हणून. सख्ख्या बहिणीला न सांगता.

श्रावणात तू तीन आठवडे दवाखान्यात होतास, हेही मागाहून कळलं. अफू सोडवायला दवाखाना. पहिल्या खेपेला लागला होता का रे दवाखाना? पहिल्या खेपेला अक्का लागली. विसरला असशील तर आठवण करून देते. चौपन्न सालचा माघ. दौऱ्यावर पोट बिघडलं म्हणून चपराश्यानं दिलेली एक गोळी, त्या गोळीची तुला सहा वर्षांची सवय. तुझी बायको रडत माझ्याकडं आली. मी तुला माडीवरच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली, आणि दाराबाहेर पाट टाकून सात दिवस पोथी वाचली. मोठ्यानं वाचली, तुझ्या कानावर देवाचं नाव पडावं, तुला बळ यावं म्हणून. घसा बसला माझा, पण आठव्या दिवशी तू भिंतीला धरून जिना उतरलास आणि ताक मागितलंस. तेव्हाच मी नवस बोलले: दर माघात त्याच खोलीत पोथीचा सप्ताह करीन, आणि माझा भाऊ त्याला बसेल. बारा वर्षं.

पंचावन्नला तू दोन दिवस बसून दफ्तराचं काम निघालं म्हणून पळालास. मी बोलले नाही. यंदा छप्पनला पहिले तीन दिवस तुझं चित्त नव्हतं, बोलले असेन मी काहीबाही, मोठी बहीण बोलते. पण चौथ्या दिवसापासून काय बसलास रे तू. डोळे मिटून, मांडी न हलवता. जमलेल्या बायकांना मी म्हटलं, बघा, याला म्हणतात प्रचीती. आणि त्यानंतर महिन्याभरात ऐकते काय, तर भगवंत पुन्हा अफू खातो. संगत वाईट, दुसरं काय. आणि बायकोचं लक्ष नाही.

असो. झालं ते झालं. तू आता सुटलायस म्हणतात. सुटलेला टिकायचा असेल तर नवस मोडू नको. माघ शुद्धात, फेब्रुवारीच्या आठ तारखेला शुक्रवारी सप्ताह बसेल, पौर्णिमेला समाप्ती. आतापासून रजेचा अर्ज दे. नवी जागा आहे, साहेब कुरकुरेल, तर बहिणीचं नाव सांग.

गंगूला सासरी नांदेडला दिवस गेलेत. मामाला सांग म्हणाली.

तुझी,
अक्का


सुलतान बाजार
२ डिसेंबर १९५६

चि. भगवंता,

पत्र तुला लिहिलं, उत्तर तुझ्या बायकोचं आलं. तेही कार्डावर, म्हणजे पोस्टमननंही वाचलं असणार. "ह्यांची प्रकृती बरी आहे. आपलं पत्र आलं त्या दिवशी ताप नसताना हुडहुडी भरली, दोन दिवस दफ्तरात गेले नाहीत. माघात येणं होणार नाही. कृपा करून बोलावू नये." सत्यवती. वा. काल आलेली पोर मला कृपा करायला सांगते.

माझ्या पत्रानं हुडहुडी भरते? मी काय पत्रात बर्फ घालून पाठवते?

खरं दुखणं कुठं आहे ते मला ठाऊक आहे. तू ते मनात धरून बसलायस. तर घे, लिहून देते. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी तू जांभयांवर जांभया देत होतास, नाक ओढत होतास, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होतास. मुकुंदरावांची मंडळी समोर. पोथी मिटून मी म्हटलं, "देवाचं नाव ऐकताना झोप येते होय रे? अफू खाऊन रात्रंदिवस डोळे तारवटून बसत होतास तेव्हा नाही आली." आणि वर म्हटलं, "अफूबाजाच्या पोटात देव कसा ठरायचा." चौदा-पंधरा माणसं होती. कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. तू उठून खाली गेलास. तासाभरानं आलास आणि गुमान बसलास.

आधीच्या पत्रात हे मी 'काहीबाही' म्हणून आटपलं. ते काहीबाही नव्हतं. मला लाज वाटते. पण भगवंता, बोलण्यानं माणूस बिघडतो का? बोलण्यानंच तर तू सुधारून बसलास ना, दुसऱ्या दिवशीपासून? मग एवढा अबोला कशासाठी?

माघात ये. नवस देवाचा आहे, माझा राग देवावर काढू नको.

अक्का


सुलतान बाजार
११ जानेवारी १९५७

भगवंता,

हे पत्र तीनदा सुरू केलं.

संक्रांतीचे तीळ आणायला म्हणून निघाले आणि चौकातल्या अफूच्या दुकानापाशी थांबले. सरकारी ठेक्याचं ते दुकान, मदारसाहेबांचं. बाई माणसानं त्या पायरीपाशी उभं राहायचं नसतं, हे मला कळतं. पण मनात आलं, भावाला ज्यानं पुन्हा विष दिलं त्याला तोंडावर चार शब्द ऐकवावे. सत्यवतीवर राग होता, तुझ्यावर होता, देवावर काढता येत नव्हता. मदारसाहेब जवळ होते.

म्हातारा माणूस. मी बोलले ते सगळं ऐकून घेतलं. मग आतून स्टूल आणून बाहेर ठेवलं आणि म्हणाले, "बैठो अम्मा. तुमारे भाई का मैंच बोलने वाला था किसी को. दो साल उनो मेरी दुकान के सामने से नई गए. लंबा चक्कर मारके जाते थे, मैं देखता था. फिर उस दिन आए."

कोणत्या दिवशी, म्हणून मी विचारलं. माघातला दिवस सांगितला त्यांनी. तिसरा दिवस, भगवंता. तू खाली उतरून गेलास तो तास.

म्हणाले, नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, थंडी नसताना अंगावर काटा. "मैं पूछा, मियाँ, फिर शुरू कर दिए क्या? कल की गोली नागा हुई क्या? उनो बोले, दो साल से हात नई लगाया मदारसाब, कसम. घर में अक्का की पोथी चल रही. वो कमरा, वो ऊद का धुवाँ, वो आवाज़. बैठता हूँ तो बदन समझता, आज ही छूटी है."

मी म्हटलं, असं कसं होईल? दोन वर्षांत अंगात अफूचा कण नाही आणि अंग अफू मागेल?

तेव्हा ते म्हणाले, चाळीस वर्षं या पायरीवर बसून हेच बघतोय. "अफीम छूट जाती अम्मा. छूटते वक्त जो गुज़री, वो नई छूटती." तुरुंगात अफू सुटलेला माणूस तुरुंगाचं फाटक पाहिलं की पुन्हा नाक ओढायला लागतो म्हणाले. ज्या बाजेवर तडफडला त्या बाजेवर वर्षानंतर झोपला की पाय झाडतो. मजेसाठी परत येणारे थोडे. भीतीनं येणारेच जास्त. ती सात दिवसांची भीती पुन्हा अंगावर आली, की माणसाला वाटतं एक गोळी घेऊ, नाहीतर सगळं पहिल्यापासून भोगावं लागेल.

मग त्यांनी ते सांगितलं जे मी ऐकायला नको होतं. तू गोळी मागितलीस तेव्हा ते नको म्हणाले. घरी जा म्हणाले. तू म्हणालास, "घरीच जायचंय. अक्कासमोर चार दिवस जांभई न देता बसायचंय. चारच दिवस द्या."

म्हणजे तू माझ्यासाठी खाल्लीस. मी चौदा-पंधरा माणसांत तुझी इज्जत काढली, आणि तू माझी राखायला म्हणून जाऊन अफू घेऊन आलास, आणि मांडी न हलवता बसलास, आणि मी बायकांना सांगितलं, बघा प्रचीती. भगवंता, मी तुझ्या डोळ्यांकडं एकदा जरी नीट पाहिलं असतं तरी मला कळलं असतं. सहा वर्षं ते डोळे मी पाहिले होते. पण मला प्रचीती पाहिजे होती.

तीळ न आणताच घरी आले. तुझे दाजी म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, भाव चढलेत.

अक्का


सुलतान बाजार
२४ जानेवारी १९५७

चि. भगवंता,

तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. तरी मी लिहिते, कारण अजून एक गोष्ट राहिलीय, आणि ती सांगितल्याशिवाय मागचं पत्र म्हणजे निम्मं खोटं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुला बळ यावं म्हणून मी मोठ्यानं वाचलं. तसं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले. सांगता सांगता मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं.

चौपन्नच्या त्या माघात मुकुंदरावांनी गंगूसाठी नांदेडचं स्थळ आणलं होतं. मुकुंदराव राहतात भिंतीपलीकडं. मामा अफू खातो आणि कोंडून ठेवलाय, हे त्या भिंतीतून पलीकडं गेलं असतं, तर नांदेडपर्यंत पोचायला किती वेळ? पहिल्या दिवशी मी हळूच वाचत होते. तू कण्हत होतास. दुसऱ्या दिवशी दुपारी तू ओरडायला लागलास. तेव्हा मी आवाज चढवला. तू ओरडलास की मी चढवायचे. उलट्यांचा वास जिन्यात येऊ नये म्हणून ऊद जाळला, तो दाराच्या फटीतून आत गेला. आणि चौथ्या दिवशी तू दारावर डोकं आपटत म्हणालास, "अक्का, कडी नको काढू, पण वाचू नको. थांब. पाया पडतो, तुझा आवाज थांबव."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि आणखी मोठ्यानं वाचलं.

परवा मी तुझ्या दाजींना म्हटलं, मला त्या खोलीत घाला, बाहेरून कडी लावा, आणि दाराबाहेर बसून वाचा. ते म्हणाले, वेड लागलंय का. पण लावली कडी. मला ना उलटी, ना घाम, ना पोटात मुरडा. धडधाकट बाई मी. अर्ध्या तासात दार वाजवलं. बाहेर आले तर ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "तो थांब म्हणत होता तेव्हा मी जिन्यातच उभा होतो, चतुरा." तीन वर्षं हा माणूस हे मला बोलला नाही. मी विचारलं, का नाही बोललात? म्हणाले, "तुझ्यापुढं बोलायची सवय कोणाला आहे?"

आता सप्ताहाचं काय करावं ते मला कळेना झालंय. नवस बोलताना माझं मन स्वच्छ नव्हतं, पण देव काही मन विचारून नवस लिहून घेत नाही. मोडला आणि तुला काही झालं तर? दवाखान्यातून सुटून तुला पाचच महिने झालेत. मला भीती वाटते रे. बारा वर्षं म्हणून बसले आणि दोनच झाली.

म्हणून मी असं ठरवलंय. खोलीत नाही, खाली पडवीत बसू. ऊद लावणार नाही. पोथी मी वाचणार नाही, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ. तू फक्त येऊन टेक. पहिल्या दिवशी संकल्पापुरता आणि पौर्णिमेला प्रसादापुरता. मधले दिवस सिकंदराबादला दाजींच्या मित्राकडं राहा हवं तर. एवढं जमेल ना? आता खोली नाही, धूर नाही, मग भ्यायचं काय?

तुझी अपराधी,
अक्का


सुलतान बाजार
१६ फेब्रुवारी १९५७

सौ. सत्यवतीस,

हे पत्र तुला आहे. त्याच्या हाती देऊ नको आणि त्याला वाचूनही दाखवू नको. का ते पुढं कळेल.

आजवर मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहिलं ते तुझ्याविरुद्ध, आणि त्यालाच. तू कार्डावर 'बोलावू नये' एवढं लिहिलंस, त्यात सगळं होतं. मी त्यातलं फक्त माझा अपमान तेवढा वाचला.

तुझं परवाचं कार्ड पोचलं. तो सुखरूप आला, वाटेत कुठं न जाता थेट घरी आला, हे वाचून मी कार्ड दाजींना दिलं, कारण पुढचं मला दिसेना. मग त्यांनी वाचलं, की तो जेवत नाही आणि एकच विचारतो, अक्का बोलली का नाही. तर काय झालं ते तुला सांगते.

माझ्या त्या चोवीस तारखेच्या पत्रानंतर त्याचं कार्ड आलं: "अक्का, तू नवसाची भीती घेऊ नको. येतो. गुरुवारी सकाळी काचीगुडा." तू नको म्हणाली असशील. भांडलीही असशील. तुझं ऐकायला हवं होतं, पण बहिणीला भीती वाटते म्हटल्यावर तो थांबायचा नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर लिहिलं.

आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. तो उतरला. अंगानं भरलाय, छान दिसत होता, हे तुझं काम. माझ्याकडं बघून हसला. मी हाक मारली, "भगवंता". आणि माझं सुरू झालं. गाडीला उशीर कसा झाला, रात्री थंडी लागली का, गळ्याला काही गुंडाळायचं नाही का, चहा घेतला का. तुला माहीतच आहे मी कशी बोलते.

त्यानं जांभई दिली. मी म्हटलं, प्रवासाची. मग दुसरी, तिसरी. मग नाक ओढलं, खांद्याला पुसलं. "धूळ आहे अक्का," म्हणाला. मी बोलतच होते. दाजींनी माझ्या दंडाला हात लावला आणि त्याच्या हाताकडं बोट दाखवलं. बाही वर सरकली होती. सकाळचं ऊन लखलखीत, आणि त्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा.

तिथं खोली नव्हती, सत्यवती. धूर नव्हता. पोथी नव्हती. स्टेशनवर हमाल होते, लोक होते, आणि मी होते.

मी पदर तोंडात घातला.

तुझे दाजी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. त्या दिवशी सगळं तेच बोलले. घरात आजारपण निघालंय, सप्ताह होणार नाही, दुपारच्या गाडीनं परत जा, तिकीट मी काढतो. त्याला काही कळेना. तो मला विचारी, मी मान हलवी. मग म्हणाला, जरा बाहेरून पान खाऊन येतो. बाहेरच्या रस्त्यानं सरळ गेलं की मदारसाहेबांचा चौक. दाजी म्हणाले, "मी आणतो. तू बस." आणि पान काही आणलं नाही, त्याचं मनगट धरून बाकावर बसून राहिले. मी लांब, दुसऱ्या टोकाच्या बाकावर, त्याच्याकडं पाठ करून बसले. आवाज तर जाऊच नये, तोंडही दिसू नये म्हणून. दीड-दोन तासांनी दाजींनी येऊन सांगितलं, हात निवळला, चहा-बिस्किट खाल्लं. माझ्यापासून लांब बसल्यावर निवळला.

शुक्रवारी मी पोथी उघडली नाही. ठरल्या वेळेला मुकुंदराव आले, म्हणाले, बाई, सप्ताह? मी म्हटलं, बसा, आणि सगळं सांगितलं. खोलीत कोण होतं, का होतं, मी मोठ्यानं का वाचत होते. नांदेडला कळवायचं तर कळवा म्हटलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई, आम्हाला तेव्हाच ऐकू येत होतं. पोथीतूनही ऐकू येत होतं. नांदेडच्यांनाही मी तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, मामाचं दुखणं आहे, मुलीत काय वाईट."

म्हणजे ज्यांच्यासाठी मी माझ्या भावाचा आवाज दाबला, त्यांना तो ऐकू येत होता. ऐकू आला नाही तो फक्त मला. नाही, मलाही आला होता. त्याला आधीच्या पत्रात मी तसं लिहिलंय, तिथं खोटं नाही लिहिलेलं.

नवस मोडला. त्याचं जे पाप लागायचं ते मला लागो, मी देवासमोर तसं बोलून ठेवलंय.

आता तुझा प्रश्न. त्याला काय सांगायचं? माझ्या मनात आधी आलं, अक्का रागावलीय असंच त्याला वाटू दे. बहिणीला वाईट वाटेल म्हणून तो येतो. बहीण रागावलीय म्हटल्यावर येणार नाही, आणि सुरक्षित राहील. रात्रभर मला तेच शहाणपणाचं वाटलं. सकाळी उठल्यावर वाटलं, हे पुन्हा तेच झालं. तो आत, मी बाहेर, आणि त्याच्या कानावर काय पडावं ते मी ठरवणार. म्हणून मी ठरवत नाही. त्याला खरं सांगायचं, थोडं सांगायचं की काहीच नाही, ते तू ठरव. तू रोज त्याचं तोंड बघतेस. सांगितलंस तर तुझ्या शब्दांत सांग. माझे शब्द वापरू नको, ते त्याला माझ्या आवाजात ऐकू येतील.

यापुढं मी त्याला लिहिणार नाही. तुला लिहीन, तू उत्तर दिलंस तर. तो दफ्तरात गेल्यावर वाचत जा आणि चुलीत टाक. आणि औरंगाबादला कधी ये असं तुम्ही दोघांनीही मला म्हणू नका, कारण मी लगेच निघेन.

एक तेवढं तुला सांगायचं राहिलं. गाडी सुटायच्या वेळी तो डब्याच्या दारात उभा होता. दाजींना नमस्कार केला, मग मला म्हणाला, "अक्का, एक शब्द बोल. शिवी दे, पण बोल." गाडी हलली. मी चार पावलं बरोबर चालले, आणि बोलले नाही.

तुझी नणंद,
चतुराबाई